मस्त आहे, म्हटलं

रविवारी सकाळी साडेआठला धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, नुकताच भोंगा वाजवत पुढच्या वाड्यावर गेलेला, मी गरम उंड्यांची पिशवी हातात घेऊन अजून पायरीवरच उभा. तिकडे कॅल्गरीत शनिवारची रात्र, आठ वाजलेले, बाहेर उणे २६. चेहरा असा दिसतच नव्हता, कानटोपी, मफलर आणि मधून येणारी वाफ, बस्स. "दादा, गाडी आली, थांब दाखवतो," म्हणाला आणि फोन फिरवला. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली निळी गाडी, टपावर भुरभुरलेला बर्फ, सोनेरी चाकं. सुबारू इम्प्रेझा एसटीआय, २००४ची, थेट जपानहून मागवलेली. दार उघडून सीटा दाखवल्या, सहा गिअरचा दांडा हलवून दाखवला, मीटर दाखवला. मग हा बाबा त्या थंडीत चक्क बर्फावर आडवा झाला आणि टॉर्च लावून फोन गाडीखाली घातला, "हे बघ, खालून पण बघ." दोन-तीन सेकंदच असतील. मागच्या उजव्या चाकाच्या वर, कमान जिथे आत वळते तिथे रंग फुगलेला होता. तेल नीट तापलेलं नसताना पापड सोडला की येतात तसे बारीक फोड, आणि फोडांच्या कडेने तपकिरी रेघ. टॉर्च पुढे सरकला. सायलेन्सर, डिफरन्शियल, परत बर्फ, परत त्याची कानटोपी. "कशी आहे?"

"मस्त आहे," मी म्हटलं.

(घरात आम्ही कोकणीच बोलतो, पण लिहायला बसलं की हात आपोआप मराठीत चालायला लागतो, डिचोलीतल्या कितीतरी घरांत असंच आहे. तेव्हा त्याचं बोलणं इथे मराठीतच येईल.)

फोन ठेवला, चहा घेतला, उंडे पातळ भाजीत बुडवून खाल्ले, आणि ते 'मस्त' दातात अडकलेल्या काजूच्या सालासारखं आठवडाभर टोचत राहिलं. कारण मला गंज कळतो. दुसरं काही कळो न कळो, गंज कळतो. बाबा खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेस्त्री होते. जूनमध्ये पाऊस लागला की खाणीचं काम बंद व्हायचं आणि सगळे टिपर, डंपर, लोडर वर्कशॉपला येऊन पडायचे, चार महिने नुसतं उघडा, घासा, वेल्डिंग मारा, रंग काढा. आमच्या शाळेला उशिरा सुट्टी असली की मी तिथेच जाऊन बसायचो, डिझेल, ओली माती आणि वेल्डिंगचा तो जळका वास, अजून नाकात आहे. बाबांच्या हिशेबात गंजाचे तीन प्रकार. एक वरवरचा, हात फिरवला की पावडर लागते तो, पॉलिश पेपर मारला की गेला. दुसरा पापुद्रे सुटणारा, त्याला ब्रश, प्रायमर, जरा कष्ट. तिसरा रंगाखालचा. बाहेरून नुसता फोड दिसतो, माणसाला वाटतं काय एवढं, पण फोड दिसायला लागला म्हणजे आतून पत्रा कधीच खाऊन झालेला असतो. मग ते स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने ठोकायचे. चांगला पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला थप करतो, आणि कोणी लांबी भरून वर रंग मारला असेल तर तो मुका, भिंतीवर मारल्यासारखा. ही ठोकायची सवय घरीही. नारळ ठोकून, फणस ठोकून, नवीन माठ ठोकून. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी पाठीवर बोटं ठेवून टकटक केलं तेव्हा म्हणाले, "काय डॉक्टर, पत्रा खाल्ला काय?" डॉक्टर हसले. आम्ही दोघं भाऊ हसलो नाही.

ह्या गाडीचं खूळ तसं जुनं आहे. नव्वदीत केबल आली तेव्हा आमच्या घरी नव्हती, शेजारच्या भाटकारांकडे होती, त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही खिडकीतून बघायचो. त्यात कधीतरी रात्री रॅली लागायची, कसले ते देश, कसली ती जंगलं, आणि त्या चिखलातून, बर्फातून आडवी आडवी जाणारी निळी-पिवळी गाडी. १९९५ला कॉलिन मॅक्रे जगज्जेता झाला तो त्याच गाडीत. आम्हाला नाव नीट वाचता यायचं नाही, भाऊ 'सुभारू' म्हणायचा, आईला वाटायचं सुभाष नावाचा कोणी मित्र आहे ह्याचा. बोनेटच्या समोर सहा चांदण्या, एक मोठी आणि पाच बारक्या. खूप नंतर कळलं की सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका, आणि १९५३ला पाच कंपन्या एकत्र येऊन जी एक मोठी कंपनी झाली ती ह्या चांदण्यांत मांडलीय. पण बाबांनी ते चिन्ह पेपरात बघून तेव्हाच सांगितलं होतं, "हे तर कृत्तिका आहेत रे." कार्तिकात अंगणात तुळशीच्या लग्नाची गडबड असायची तेव्हा ते मान वर करून पूर्वेला दाखवायचे, तो बघा पुंजका, सहा मोजता येतात का बघा. भावाला सहा दिसायच्या, मला पाचच. चष्मा लागला त्यानंतर.

तर त्याने ही गाडी घेतली 'विंटरसाठी'. हे त्याचं अधिकृत कारण. तिथे सहा महिने बर्फ, फोर व्हील ड्राइव्ह पाहिजेच, हिच्यात पुढच्या-मागच्या चाकांना ताकद किती कशी वाटायची तेही हाताशी असलेल्या चकरीने ठरवता येतं, इंजिनातले पिस्टन आडवे झोपलेले म्हणून वजन जमिनीलगत, वगैरे वगैरे. खरं आहे सगळं. पण निघायला फोर व्हील ड्राइव्ह कामाला येतं, थांबायला नाही, थांबायला चारही चाकांचं रबरच लागतं, आणि हे त्यानेच मला पूर्वी सांगितलेलं, जेव्हा त्याच्याकडे ती साधी पुढच्या चाकांवर चालणारी सेडान होती आणि चांगले विंटर टायर घालून तो आठ वर्षं कुठेही न अडकता ऑफिसला जात होता. ७ डिग्रीच्या खाली साधं रबर कडक होतं, म्हणून डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असलेले टायर घालायचे, झालं. म्हणजे विंटरचा प्रश्न सुटलेलाच होता. ह्याला तो परत सोडवायचा होता, जास्त पैसे घालून, निळ्या रंगात. मी काही बोललो नाही. माणूस चाळिशीला टेकला की एवढं चालायचंच.

बरं, हीच गाडी २००४ला कॅनडात नवी कोरी विकायला होती, डाव्या स्टिअरिंगची, अडीच लिटर इंजिनाची. पण त्या वयाच्या तिथल्या गाड्या रस्त्यावरच्या मिठाने खाऊन टाकल्यात, आणि जपानचं दोन लिटरचं इंजिन जास्त दमदार मानतात, म्हणून लोक जपानहून मागवतात. १५ वर्षांपेक्षा जुनी असली की कॅनडा येऊ देतो, अमेरिका २५ म्हणते. (आपल्याकडे उलटी गंमत, वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी असली की आणताच येत नाही, म्हणजे आमचा प्रश्नच मिटला.) सप्टेंबरमध्ये त्याने लिलावाचा कागद पाठवला होता. मला तो कागद फार आवडला. वरून बघितलेल्या गाडीचं चित्र, उलगडलेल्या खोक्यासारखं, आणि त्यावर जागोजागी अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे इथे काम झालंय आणि रंग लाटेसारखा दिसतो, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्ला. एकूण मार्क साडेतीन. आपल्याकडे गाडी विकणारा 'लेडी डॉक्टरची आहे, घरातनं बाहेर काढलेली नाही' म्हणतो, आणि तिथे कोणीतरी अनोळखी माणूस वाकून वाकून प्रत्येक ओरखडा लिहून ठेवतो. मागच्या उजव्या चाकापाशी एक बारकं एस होतं. खाली जपानीत हाताने एक ओळ, एजंटने तिचं भाषांतर करून दिलं, 'खालच्या बाजूला थोडा गंज.' भावाने विचारलं होतं, "थोडा म्हणजे किती रे दादा?" मी तेव्हा पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये होतो, फ्लायओव्हरच्या कामात अडकलेला. "वीस वर्षांची गाडी आहे, थोडा असणारच," म्हटलं.

म्हणजे 'मस्त' ही दुसरी खेप होती.

गाडी नीगाताच्या बाजूची. मी सहज नाव टाकून फोटो बघत बसलो एका रात्री, आणि नागाओका नावाच्या गावाचा रस्ता समोर आला, आणि मी फोन जवळ घेऊन परत बघितला. लाल रस्ता. काँक्रीटचा, मधोमध नळ्या बसवलेल्या, त्यातून जमिनीतलं पाणी उडतंय. तिथे बर्फ इतका पडतो की रस्त्यात पाइप घालून ते कोमट पाणी शिंपडत ठेवतात, बर्फ वितळून जातो, आणि त्या पाण्यात लोह असल्यामुळे वर्षानुवर्षं रस्ते, फुटपाथ, भिंतींचे तळ सगळं गंजाच्या रंगाचं झालंय. आजूबाजूला पांढरं शुभ्र आणि मध्ये हा लाल पट्टा. मला तो थेट उसगाव-तिस्क वाटला, खाणी जोरात असतानाचा, झाडांची पानं लाल, घरांची कौलं लाल, शाळेतल्या पोरांचे पांढरे शर्ट दोन आठवड्यांत गुलाबी. आणि ती आमची माती जायची कुठे, तर मांडवी-झुवारीतून बार्जने मुरगावला आणि तिथून बोटीने जपानला. चीन खूप नंतर आला, आधी कित्येक दशकं मोठं गिऱ्हाईक जपानच. बाबा म्हणायचे, "आम्ही माती पाठवतो, ते मोटार करतात." आता ही मोटार त्याच मातीची असेल आणि नागाओकाच्या लाल पाण्यातून फिरून कॅल्गरीला पोचली असेल, असं काहीतरी मनात यायला लागलं, पण हे फारच ओढूनताणून आहे, मला कळतं. एका बोटीत कितीतरी हजार टन माती, कुठची कुठे गेली कोणाला माहीत. तरी तो फोटो मी भावाला पाठवला नाही. पाठवला असता तर गंजावर बोलावं लागलं असतं.

आता मी का बोललो नाही त्याचं मूळ बहुतेक २००७ सालात आहे. मला तेव्हा एक सेकंड हँड सेडान आवडली होती, रुपेरी, पॉवर विंडो, आत गाण्यांची सिस्टम. मालक कळंगुटचा, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर, गाडी माडाखाली उभी. मी आधीच १० हजार टोकन देऊन मोकळा झालो होतो आणि बाबांना फक्त दाखवायला नेलं, कौतुकाला. ते त्यांच्या स्कूटरवरून आले, हेल्मेट काढलं, गाडीभोवती एक चक्कर मारली, काही न बोलता. मग गुडघ्यावर बसले. पँटच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर निघाला, तो असायचाच. दाराखालच्या पट्टीवर पुढून सुरू केलं, टण, टण, टण, आणि मागच्या दाराखाली आल्यावर थप. तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर सुलटा केला आणि जराशी टोक लावली, जोर लावला नाही, मी बघत होतो, जोर अजिबात लावला नाही. तो अर्धा आत गेला. लाल भुकटी खाली वाळूवर पडली, त्यात रंगाचा एक पापुद्रा, रुपेरी. समुद्राचा वारा रोज अंगावर घेणारी गाडी, दुसरं काय होणार. मालक माडाकडे बघायला लागला, मी माझ्या चपलांकडे. बाबा उठले, गुडघे झटकले, "चल" एवढंच म्हणाले. टोकन परत मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी बाबांशी आठ दिवस बोललो नाही. मला राग गंजाचा नव्हता आला. त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर घरी ठेवून यायला काय हरकत होती, असा राग होता. निदान त्या मालकासमोर नको होतं, निदान त्या दिवशी नको होतं. नववा दिवस उजाडला तेव्हा त्यांनीच माझ्या ताटात बांगड्याची मधली तुकडी सरकवली आणि विषय संपला. माझ्या बाजूने तो संपलेला नव्हता असं आता वाटतं.

त्यामुळे टॉर्चच्या उजेडात ते फोड दिसले तेव्हा मला भावाचा आनंद दिसत होता आणि वर कळंगुटचा तो माड.

पण खरी गोष्ट अजून वेगळीच आहे. फेब्रुवारीत तो गोव्याला आला होता, बऱ्याच वर्षांनी. दाबोळीवरून येताना मला म्हणाला, चावी दे. मी घाबरत दिली, कारण ह्याला आता उजव्या बाजूने चालवायची सवय. पहिल्या चौकात त्याने इंडिकेटर द्यायला गेला आणि वायपर लावला, कडक उन्हात. दुसऱ्या चौकातही. झुवारीच्या नव्या पुलावर चढेपर्यंत मात्र हात बसला, मग तो एकदम गप्प झाला, खिडकी खाली केली, कोपर बाहेर काढलं, उजवं कोपर, आणि बांबोळीच्या चढावर म्हणाला, "तिकडे इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या बाजूला बसून गाडी चालवतोय असं वाटतं." मी हसण्यावारी नेलं. आता कळतं की गाडीचा निकाल तिथेच लागला होता. जपानी गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं ना, आपल्यासारखं. (आपल्यासारखं म्हणजे, पोर्तुगालने १९२८ला बाजू बदलली तरी गोवा डावीकडूनच चालत राहिला, सगळे शेजारी डावीकडून चालत असताना एकट्याने काय करायचं.) एवढ्या लांबून, एवढे पैसे ओतून, त्या बर्फाच्या देशात त्याने स्वतःसाठी एक उजवी सीट आणली. फोर व्हील ड्राइव्ह वगैरे बायको नसलेल्या माणसाने आईला सांगायची कारणं.

त्या उजव्या सीटचा त्रास काय कमी आहे? हेडलाइटचा झोत जपानी रस्त्याप्रमाणे डावीकडे वर उचललेला, तो तिथे समोरच्याच्या डोळ्यात जातो, म्हणून हेडलाइट बदलायचे. तिथलं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल जपानी मोजमापात साधारण ९५-९६ भरतं आणि हे इंजिन १००च्या पेट्रोलवर वाढलेलं, कमी पडलं की नॉकिंग, म्हणजे इंजिन आतून ठोकायला लागतं, म्हणून ट्यूनिंग परत करायचं. रात्री थंडीत इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटर बसवायचा आणि मोबाइल चार्जिंगला लावावा तशी गाडीला वायर लावून झोपायचं, तिकडे पार्किंगमध्येच प्लग असतात. कॉफीच्या खिडकीशी गेलं की खिडकी डावीकडे आणि हा उजवीकडे. पार्किंगचं तिकीट मशीनमधून ओढायला त्याने आईने दिलेला पापड भाजायचा चिमटा गाडीत ठेवलाय. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग पापड कशावर भाजतो?" आणि ज्या धुडधुड आवाजासाठी आम्ही भाटकारांच्या खिडकीला नाक लावायचो तो आवाज ह्या गाडीत येतच नाही. जपानी मॉडेलमध्ये एक्झॉस्टचे पाइप सारख्या लांबीचे केले आणि आवाज गुळगुळीत झाला. हे त्याने मला फार हळू सांगितलं, जसं काही आजारी माणसाबद्दल.

सगळ्यात मोठा घोळ ओव्हरटेकचा. दोन लेनच्या रस्त्यावर पुढे ट्रक असला की उजव्या सीटवरून पलीकडचं काही दिसत नाही, डावीकडे बसलेल्याने मान काढून सांगावं लागतं. बाबांच्या भाषेत क्लीनर लागतो. टिपरला क्लीनर असायचा, डाव्या दारावर हात आपटत 'येंव दी, येंव दी' ओरडणारा. हे सगळं मी आईला समजावत होतो, ती पाटावर बसून नारळ किसत होती, तिने अडोळीवरचा हात थांबवला आणि विचारलं, "मग त्याच्या शेजारी कोण बसतं?"

मी म्हटलं, तो ओव्हरटेक करत नाही.

गाडी शिकलो आम्ही दोघंही जूनमध्ये, मारुती ८०० मध्ये, तेही मुद्दाम. बाबा म्हणायचे सुक्या रस्त्यावर कोणीही शिकतो. पहिला पाऊस पडला की खाणीच्या रस्त्यावर महिनोन् महिने साचलेली धूळ भिजायची आणि त्याचा जो लाल साबण व्हायचा, त्यावर दुचाकीवाले तर पायच टेकायचे नाहीत, टेकला की गेला. त्यावर बाबा आम्हाला चालवायला लावायचे. गाडी मागून सुटायला लागली की पोटात कसं होतं ते शब्दात सांगता येत नाही, सीट एका बाजूला जाते आणि आपण दुसऱ्या. "ब्रेकला पाय लावायचा नाही. पाय उचल. जिथे जायचं तिकडे बघ, नाल्याकडे बघू नको, नाल्याकडे बघितलंस तर नाल्यातच जाशील." भाऊ कॅल्गरीच्या पहिल्या हिवाळ्यात एका सिग्नलला असाच सुटला, रस्ता कोरडा वाटत होता, वर काचेसारखा बर्फ. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला, समोरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बघितलं आणि गाडी तिथे जाऊन बर्फाच्या ढिगात अलगद बसली. त्या रात्री त्याने बाबांना फोन केला होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाली किती लागलं? बर्फात मीठ असतं म्हणे. धुऊन घे लगेच, खालून."

मीठ. ह्याच्यावर मी त्या आठवड्यात नको तितकं वाचलं. उणे २६मध्ये गंज जवळजवळ झोपलेला असतो, खारं पाणीही गोठतं, काही होत नाही. खरा धोका गाडी ऊबदार गॅरेजमध्ये लावली की, किंवा तो चिनूक नावाचा वारा सुटला की, कॅल्गरीत तो काही तासांत २० डिग्रीनी वर नेतो, सगळं वितळतं, आणि मीठ, पाणी, ऊब तिन्ही एकत्र येतात. म्हणजे थोडक्यात, गाडीच्या पोटाखाली गोव्याचा जुलै होतो. आणि फोनमध्ये हवामान बघायची मला आता सवय लागली होती, डिचोली २१, कॅल्गरी उणे २०, आणि त्याखाली गुरुवारसाठी अधिक ६. बुधवारी रात्री जेवण झाल्यावर मी अंगणात गेलो. कृत्तिका बरोबर डोक्यावर होत्या. चष्म्यातून मला आता सहा दिसतात. फोन लावला, तिकडे सकाळचे नऊ, तो कामावर निघायच्या तयारीत.

"तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे का?" मी विचारलं.

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मागच्या उजव्या चाकाच्या वर ना?"

"तुला माहीत होतं?"

"कागदावर एस होता की. मी म्हणूनच खालून दाखवली तुला. टॉर्च तिथेच धरला होता मी, दादा. तू बघशील आणि बोलशील असं वाटलं. तू मस्त म्हणालास, मग मी पण म्हटलं, मस्त असेल."

यावर काय बोलायचं ते सुचलं नाही. टॉर्च तिथे दोन-तीन सेकंद थांबला होता हे मला आठवत होतं, तो मुद्दाम थांबवलेला होता हे आता कळत होतं. दार उघडल्याचा आवाज आला, मग बुटांखाली बर्फ कुरकुरल्याचा, पोहे चावल्यासारखा. वारा. त्याने फोन बहुतेक जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवला, श्वास मोठा ऐकू येत होता. "कसं करायचं, मुठीने ना?" "मुठीने. पुढून सुरू कर. जोर लावू नको." इकडे आई आतून विचारत होती कोणाशी बोलतोयस, मी हातानेच थांब म्हटलं, तिला अंधारात काय दिसणार.

टण. टण. थंडीत पत्रा जरा वेगळाच वाजतो, बारीक, भांड्यासारखा. टण. बूट कुरकुरले, तो मागे सरकला. टण.

थप.

दोघंही गप्प. वाऱ्याचा आवाज तेवढा. मग तो म्हणाला, "परत मारू?"

"नको," मी म्हटलं. "थंडी आहे. आत जा."